छतावरचा डाग

अमेरिकेत जुनं घर विकताना, सौदा ठरल्यानंतर आणि व्यवहार पुरा होण्याआधी, तपासनिसाचा एक दिवस येतो. घेणारा स्वतःच्या खर्चाने एक जाणकार माणूस पाठवतो. तो शिडी, टॉर्च आणि ओल मोजायचं यंत्र घेऊन दोन-चार तास घरभर फिरतो. छप्पर, माळा, विजेचं पॅनेल, नळ, गटारं, तळघर असं सगळं पाहतो आणि फोटोंसकट लांबलचक अहवाल लिहितो. करारात बहुतेक वेळा अशी अट असते की अहवाल हाती आल्यावर घेणाऱ्याला दुरुस्ती मागता येते, किंमत उतरवून मागता येते, नाहीतर सरळ माघार घेता येते. साहजिकच विकणाऱ्याला या दिवसाची धास्ती असते आणि आधीचे काही आठवडे त्याच्याच तयारीत जातात. या तयारीत दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. त्यांची फारकत केल्याशिवाय घर विकण्यातला प्रामाणिकपणा म्हणजे नेमकं काय, हे हाती लागत नाही असं मला वाटतं. काही तयारी घर नीट दिसावं म्हणून केलेली असते आणि काही तयारी ते दिसू नये म्हणून. हात, पैसा आणि कष्ट दोन्हीकडे सारखेच लागतात, म्हणून ती करणाऱ्यालाही पुष्कळदा फरक जाणवत नाही.

पहिल्या प्रकाराचं महत्त्व लोकांना कमी वाटतं. अमेरिकेतल्या तपासनिसांची एक जुनी संघटना १९७६ साली स्थापन झाली. तिच्या मानकांप्रमाणे तपासनिसाने जिथे सहज पोचता येईल आणि जे डोळ्यांना दिसेल तेवढंच पाहायचं असतं. कपाटं सरकवणं, खोकी उचलणं, भिंत फोडणं त्याच्याकडून अपेक्षित नाही. म्हणजे माळ्याच्या झडपेखाली जुन्या सामानाचा ढीग असेल, तर माळा अहवालात येतच नाही. तिथे फक्त ‘पोचता आलं नाही’ अशी ओळ येते. रिकाम्या घराचं पाणी, वीज आणि गॅस बंद करून ठेवला असेल तर गीझर, नळ आणि हीटर यांच्याबद्दल काहीच सांगता येत नाही. जळालेला दिवा बदलला नसेल तर दोष दिव्यात आहे की आतल्या वायरिंगमध्ये, हे तपासनिसाला कळायला मार्ग नसतो आणि तो दोष म्हणून नोंदवावा लागतो. तेव्हा झडपेखालची जागा मोकळी करणं, पॅनेलसमोरचं कपाट हलवणं, दिवे बदलणं, हीटरची जाळी साफ करणं, शेडची कुलपं काढणं, कुत्र्याला घेऊन तीन-चार तास बाहेर जाणं या कामांनी घराबद्दलचं सत्य जराही बदलत नाही. ते दिसायची सोय होते एवढंच. ही तयारी प्रत्येक विकणाऱ्याने मनापासून करावी.

दुसऱ्या प्रकारची तयारी कशी चालते, याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण भिंतीत किंवा छतात नसून हवेत सापडतं. जमिनीतल्या युरेनियमच्या ऱ्हासातून रेडॉन नावाचा वायू निर्माण होतो आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल त्याचा क्रमांक लागतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लिटरमागे ४ पिकोक्युरी ही मर्यादा ठरवली आहे. त्या पातळीला किंवा तिच्या वर रेडॉन सापडला तर उपाय करा, असं ती सांगते. म्हणून घर विकताना पुष्कळ ठिकाणी रेडॉनची चाचणी होते. ती किमान ४८ तासांची असते आणि अल्प मुदतीच्या चाचणीआधीचे १२ तास व चाचणीचा पूर्ण काळ खिडक्या-दारं बंद ठेवायची असतात, ये-जा करण्यापुरतीच उघडायची. आता विकणाऱ्याने घराला जरा हवा लागावी म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या, तर आकडा खाली येतो. त्याने कशाला हात लावलेला नाही, काही रंगवलेलं नाही, एक शब्दही खोटा बोललेला नाही. तरीही डॉक्टरकडे जाण्याआधी ताप उतरवायची गोळी घ्यावी तसं हे आहे, आणि इथे ताप त्याचा नाही, पुढे त्या घरात झोपणाऱ्या माणसांचा आहे. यातली खेदाची बाब अशी की रेडॉनवरचा उपाय काही घर पाडण्याइतका अवघड नसतो. फरशीखालून एक पाइप काढून पंख्याने तो वायू छपरावर सोडला की पातळी उतरते. खर्च कोणी करायचा, हे दोन्ही बाजूंना बोलून ठरवता आलं असतं. उघड्या खिडकीमुळे ते बोलणंच होत नाही.

फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आलेला एक खटला या विषयावर विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ‘जॉन्सन विरुद्ध डेव्हिस’ या नावाने तो ओळखला जातो आणि निकाल १९८५ सालचा आहे. १९८२ च्या मे महिन्यात तीन वर्षं जुन्या एका घराचा ३,१०,००० डॉलरला सौदा ठरला. घेणाऱ्यांनी सुरुवातीला ५,००० डॉलर दिले आणि आणखी २६,००० द्यायचे होते. त्याआधी घेणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की बैठकीच्या खोलीत खिडकीच्या चौकटीपाशी गिलावा फुगून सुटतो आहे आणि त्या खोलीच्या व स्वयंपाकघराच्या छतावर डाग आहेत. त्यांनी विचारलं. उत्तर मिळालं की खिडकीची किरकोळ अडचण केव्हाच दुरुस्त झाली आहे, आणि छतावरचे डाग वॉलपेपरच्या डिंकाचे आणि तुळया हलवल्यामुळे पडलेले आहेत. उरलेले पैसे दिले गेले, विकणारे घर सोडून गेले आणि काही दिवसांनी जोराचा पाऊस झाला. बाई घरात आल्या तेव्हा खिडकीच्या कडेने, छतातून, दिव्यांच्या जागेतून, अगदी स्वयंपाकघरातल्या शेगडीवरूनसुद्धा पाणी आत येत होतं. पुढे तज्ज्ञ आले, आणि मला या खटल्यातला सर्वांत बोलका भाग तोच वाटतो. दलालाने आणलेल्या दोन छप्परवाल्यांनी हजार डॉलरच्या आत काम होईल असं सांगितलं. घेणाऱ्यांनी आणलेल्या तिघांनी सांगितलं की छप्पर मुळातच सदोष आहे आणि १५,००० डॉलरचं नवं छप्पर घातल्याशिवाय गळती थांबणार नाही. एकाच छपराखाली उभं राहून पाच जाणत्या माणसांनी दिलेल्या आकड्यांत पंधरापट अंतर पडलं. न्यायालयाने निकालासाठी मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आधार घेतला, तो म्हणजे विकणाऱ्याला काय माहीत होतं. घराच्या किमतीवर ठळक परिणाम करणारी, सहज न दिसणारी आणि घेणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट विकणाऱ्याला माहीत असेल, तर ती सांगणं त्याचं कर्तव्य आहे, असं न्यायालयाने ठरवलं आणि अनामत रक्कम परत द्यायला लावली.

माझं म्हणणं या खटल्यातून सरळ निघतं. तपासनीस कितीही हुशार असला तरी तो घराचा एकच दिवस पाहतो. विकणाऱ्याने घराची वर्षं पाहिलेली असतात. कुठल्या वाऱ्याच्या पावसात कुठली खिडकी गळते, बाथरूमचं पाणी कधीपासून तुंबायला लागलं, भिंतीतली भेग गेल्या पाच वर्षांत रुंदावली की तशीच राहिली, हे कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. भेग आज किती मिलिमीटर आहे एवढंच यंत्राला कळतं. ती जिवंत आहे की नाही, हे तिच्याबरोबर राहिलेल्या माणसाला कळतं. म्हणून तपासणीची खरी तयारी म्हणजे आपल्याला असलेली घराची आठवण तपासनिसाला उपलब्ध करून देणं. पावत्या, हमीपत्रं, दुरुस्तीच्या तारखा, जुने फोटो हे सगळं त्यात आलं. स्कॉटलंडने ही गोष्ट कायद्यातच ओळखली आहे. तिथे १ डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढणाऱ्याला ‘होम रिपोर्ट’ द्यावा लागतो. त्यात सर्व्हेअरने केलेली पाहणी असते, ऊर्जेचा अहवाल असतो आणि याशिवाय विकणाऱ्याने स्वतः भरायची एक प्रश्नावली असते. वादळ, पूर, आग यांनी घराचं नुकसान झालं होतं का, घरात काय फेरफार केले, असं ती विचारते. पाहणारा वेगळा आणि आठवणारा वेगळा, आणि घर कळायला दोघंही लागतात, हे त्या रचनेतच मान्य केलेलं आहे. न्यूयॉर्क राज्यात उलटी तऱ्हा होती. माहितीचा अर्ज भरायचा नसेल तर विकणाऱ्याने घेणाऱ्याला ५०० डॉलरची सूट द्यायची आणि मोकळं व्हायचं, आणि सर्रास तसंच केलं जाई. २० मार्च २०२४ पासून ही पळवाट बंद झाली. लाखो डॉलरच्या व्यवहारात गप्प राहण्याचा दर इतकी वर्षं ५०० डॉलर होता, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की बघून घेण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. त्याने तपासनीस आणला आहे, मग विकणाऱ्याने स्वतःविरुद्ध साक्ष का द्यावी? हा आक्षेप जुन्या इंग्रजी कायद्यातून आला आहे आणि बाजारात मांडून ठेवलेल्या, हातात घेऊन पाहता येणाऱ्या वस्तूंपुरता तो रास्तही होता. घराचे महत्त्वाचे भाग गिलाव्याआड, फरशीखाली, स्लॅबच्या पोटात असतात आणि ते उघडून पाहण्याचा अधिकार घेणाऱ्याला नसतो. फोडून पाहू द्यायचं नाही आणि विचारल्याशिवाय सांगायचं नाही, असं दोन्ही एकदम म्हणता येणार नाही. दुसरा आक्षेप याहून साधा आणि जास्त प्रामाणिक आहे. घर विकताना रंग सगळेच देतात, स्वच्छता सगळेच करतात, त्यात गैर काय? काहीच गैर नाही. मळलेली भिंत रंगवणं म्हणजे घराचा आणि घेणाऱ्याचा मान राखणं आहे. प्रश्न येतो तो रंगाखाली काय आहे याची विकणाऱ्याला कल्पना असते तेव्हा, आणि रंग दिल्यावर ते दुसऱ्या कुणाला कळेनासं होतं तेव्हा. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की रंगाचा ब्रश खोटं बोलायला लागतो. शिवाय झाकलेली ओल जागच्या जागी थांबत नाही. सिमेंटच्या आतल्या सळईला पाणी लागलं की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच जास्त जागा व्यापतो आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येतो. पुट्टी आणि दोन हात रंगाने फक्त हे लक्षात यायला उशीर होतो, आणि तेवढ्या काळात दुरुस्तीचा खर्च वाढतो.

तिसरा आक्षेप वकिली आहे आणि त्यात तथ्य आहे. विकणाऱ्याने विक्रीआधी स्वतःच तपासणी करून घेतली तर त्याला आजवर माहीत नसलेले दोष माहीत होतात आणि माहीत झाले की सांगावे लागतात. म्हणजे कायदा अज्ञानाला बक्षीस देतो, आणि शहाणा माणूस न पाहण्यातच हित मानेल. हा दोष कायद्याच्या रचनेतला आहे आणि तो दुरुस्त करता येतो, हे डेन्मार्कने १९९६ पासून दाखवून दिलं आहे. तिथे विकणाऱ्याने घराच्या स्थितीचा अहवाल आणि विजेच्या जोडणीचा अहवाल करून घेतला, तो घेणाऱ्याला दिला आणि दोषांच्या विम्याचा अर्धा हप्ता भरायची तयारी दाखवली, तर एरवी दहा वर्षं त्याच्या डोक्यावर राहणारी घराच्या दोषांची जबाबदारी बहुतांशी उतरते. जाणूनबुजून लपवलेल्या गोष्टींना मात्र ही सवलत नाही. पाहणाऱ्याला शिक्षा न करता सुटका दिली की माणसं पाहायला तयार होतात. जिथे असा कायदा नाही तिथे नैतिक प्रश्न सुटला असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याला शंका आली आहे आणि तरीही त्या दिशेला तो बघत नाही, त्याला खरं अज्ञानी म्हणता येत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तोच खरा. सांगितलं तर भाव पडतो. निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी एका घरात असते, आणि दोन-चार लाखांचा फरक म्हणजे पुढच्या कित्येक वर्षांची औषधं. हे नुकसान काल्पनिक आहे असं सांगून कोणाची समजूत घालू नये. पण ते पैसे कुठून वाचतात तेही पाहायला हवं. ते घेणाऱ्याच्या खिशातून येतात, आणि तो घेणारा बहुधा वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता बांधून आलेला असतो. त्याला नंतर लागणारा खर्च झाकलेल्या दोषामुळे वाढलेला असतो, म्हणजे एकाचे वाचलेले दोन लाख दुसऱ्याला दोन लाखांना पडत नाहीत. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचं उदाहरण घेऊन दाखवलं की दोष कोणाला कळत नाही अशा बाजारात गिऱ्हाईक प्रत्येक मालाला सदोष धरून भाव मागतं आणि चांगला माल विकणारा त्यात भरडला जातो. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. रिसेलच्या घरांना हे जसंच्या तसं लागू पडतं. ज्याचं घर खरंच कोरडं आहे त्यालाही आज ‘लीकेज असेलच’ असं धरून केलेला भाव ऐकावा लागतो. लपवणाऱ्यांच्या लपवण्याची किंमत तो भरत असतो.

आपल्याकडे, मुंबई-पुण्याच्या रिसेल फ्लॅटच्या बाजारात, तपासनीस येण्याची रीतच नाही. बँकेचा माणूस येतो तो किमतीपुरता, वकील पाहतो ते कागद, एजंटला घाई टोकनची. घेणारं कुटुंब संध्याकाळी येऊन वीस मिनिटं फिरतं, पाण्याची वेळ आणि पार्किंग विचारतं. यामुळे असं वाटतं की तपासणीच नाही तर तयारी कसली! परंतु तपासनीस नाही, म्हणूनच इथे विकणाऱ्याच्या आठवणीला जास्त मोल आहे. आपल्याकडे घराची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होते आणि पुष्कळ सौदे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया गाठायच्या बेताने ठरतात. तेव्हा स्लॅब कोरडा ठणठणीत असतो, लोणा खरवडून काढलेला असतो, पोपडे आलेल्या जागी पुट्टी मारलेली असते, आणि बाथरूमच्या छताला वरच्या मजल्याचं पाणी झिरपत असेल तर त्याखाली पीओपीचं सुबक छत आलेलं असतं. पुढचा पाऊस येईपर्यंत चावी हातबदल झालेली असते. विकणारी माणसं वाईट असतात असं अजिबात नाही. ‘सगळे असंच करतात’ या एका वाक्यावर चांगली माणसंही इथवर येतात.

आपला कायदा मात्र याबाबतीत गप्प नाही, आणि तो फ्लोरिडाच्या निकालापेक्षा शंभर वर्षांनी जुना आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, दोघांनी करारात वेगळं ठरवलं नसेल तर, विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला शोधता न येणारा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने उघड करणं बंधनकारक आहे. असं न सांगणं ही फसवणूक आहे, असं त्या कलमाच्या अखेरीस स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण दोष म्हणजे फक्त टायटलचा दोष असं धरून चालतो आणि सगळं लक्ष साखळी करारांकडे देतो. कलमात मालमत्तेचा दोष आधी येतो आणि मालकी हक्काचा नंतर. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यानंतर पाच वर्षांची जबाबदारी आहे, पण ती बिल्डरवर. वीस वर्षं जुन्या इमारतीत तिचा उपयोग नाही. तिथे सोसायटीच्या आदर्श उपविधींचा आधार आहे. पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावं असं ते सांगतात. तो अहवाल झाला असेल तर सोसायटीच्या कार्यालयात असतो. घेणारा तो क्वचितच मागतो, कारण असा अहवाल असतो हेच त्याला माहीत नसतं. विकणारा सभासद असतो, त्याला माहीत असतं.

तुम्ही घर विकायला काढलं असेल तर माझी एक विनंती आहे. रंगाऱ्याला बोलावण्याआधी एका कागदावर लिहून काढा, की कोणत्या पावसाळ्यात कुठे गळलं, वॉटरप्रूफिंग कोणी आणि कधी केलं, त्यानंतरच्या पावसात काय झालं, कोणती भिंत रंगवल्यावर पुन्हा फुगली. पावत्या त्याला जोडा, ऑडिटचा अहवाल असेल तर त्याची प्रत काढा. मग हवा तसा रंग द्या. टोकन घेण्याआधी तो कागद घेणाऱ्याला द्या आणि तारीख घालून त्याची सही असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.